कारण मनमोकळेपणाने सांगावे

नवी मुंबईत घर विकायला काढलेल्या माणसाचं मन फिरवण्यात माझ्या धाकट्या मामाचा हात धरणारा कोणी अजून जन्माला आलेला नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत त्याने किती जणांना त्यांच्याच घरात पुन्हा नीट बसवलं, याची मोजदाद आता मामीनेही सोडून दिली आहे. अडचण एवढीच की मामाचा धंदा लोकांची घरं वाचवण्याचा नाही. तो घरं विकत घ्यायला निघालेला माणूस आहे. त्याने तशी कार्डं छापून घेतली आहेत, त्यांवर नावाखाली ‘प्रॉपर्टी इन्व्हेस्टर’ असं लिहिलं आहे, आणि गेल्या दोन वर्षांत त्या कार्डाच्या जोरावर त्याने विकत घेतलेल्या घरांची संख्या शून्य आहे.

मामा तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला होता. कुठला ट्रक किती वाजता आला, काय भरून गेला, कुठे अडकला आणि ड्रायव्हरने काय कारण सांगितलं, हे सगळं लांबुळक्या वहीत रकाने पाडून लिहिण्यात त्याचा जन्म गेला. मग कारखाना गुजरातला हलला. मामाने स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि ज्याचं आख्खं आयुष्य अकरा महिन्यांच्या भाडेकरारांवर गेलं, त्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच एकरकमी पैसे आले. त्याच आठवड्यात वाशीच्या एका हॉटेलात त्याने दिवसभराची कार्यशाळा केली. सुटातल्या एका तरुणाने तिथे त्याला सांगितलं, घर शोधू नका, माणूस शोधा. ज्याला विकण्याची घाई आहे असा मालक. त्याला म्हणायचं ‘मोटिव्हेटेड सेलर’. भेटल्यावर फक्त एक प्रश्न विचारायचा, का विकताय? आणि मग गप्प बसायचं. मामा घरी आला तो हे दोन शब्द एखाद्या कुलदैवताचं नाव घ्यावं तसे घेत आला.

मी जुन्या इमारतींतल्या रहिवाशांच्या एका संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते, वाटते. त्यामुळे आमचं पहिलं भांडण मामीच्या ओट्याशीच झालं. मी सरळ सांगितलं, “मोटिव्हेटेड वगैरे इंग्रजी सोड. मराठीत त्याला अडलेला माणूस म्हणतात. कोणाचं कुठे दुखतंय ते बघायचं आणि तिथे बोट ठेवायचं, हा तुझा धंदा.”

“बोट नाही गं पत्रकवाले,” मामा म्हणाला, “नाडी. नाडी बघतो मी.”

“मग फी तरी घ्या एकदाची,” मामी कढईतून मान वर न करता म्हणाली.

माझं मत आजही बदललेलं नाही, हे आधीच लिहून ठेवते. या शहरात घराची गरज आणि घराचा धंदा यांच्यात रोज गरज हरते, आणि हरवणारे लोक कार्यशाळेतून शिकून येतात. पण मामासारखा विद्यार्थी त्या सुटातल्या तरुणाला मिळाला, हा त्याला मिळालेला न्यायच म्हणायचा.

मामाची शोधण्याची पद्धत बघण्यासारखी होती. सकाळी सात वाजता टोपी घालून तो एखाद्या सेक्टरात शिरायचा आणि मान वर करून बाल्कन्या बघत चालायचा. तुळस वाळली आहे, दिवाळीचा कंदील शिमग्यापर्यंत लटकतोय, कबुतरांनी कूलरवर संसार मांडलाय, अशी बाल्कनी दिसली की वहीत नोंद. ‘सेक्टर अमुक, दुसरा मजला, कंदील फिका.’ एकदा वॉचमनने त्याला चोर समजून बसवून ठेवलं, तर तासाभरात त्या वॉचमनच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याचा अर्ज मामाने लिहून दिला होता. इस्त्रीवाल्यांशी त्याची खास दोस्ती. कुठल्या घरातून साहेबांचे शर्ट यायचे बंद झाले, हे इस्त्रीवाल्याइतकं कोणाला ठाऊक असतं? अनोळखी माणसांच्या तेराव्यालाही तो दोनदा जाऊन बसला, वारस विकणार का याचा अंदाज घ्यायला. पण ताटावर बसल्यावर त्याला इतकं ओशाळं वाटायचं की जेवण झाल्यावर तो खुर्च्या उचलून टेम्पोत भरायला लागायचा आणि काहीच न विचारता घरी यायचा. शिवाय विजेच्या खांबांवर त्याने पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘घर विकत घेतो. थेट मालकाशी बोलेन. मध्ये दलाल नाही. कारण मनमोकळेपणाने सांगावे.’ त्या शेवटच्या वाक्याने घात केला. ऐरोलीच्या एक बाई दर मंगळवारी फोन करून सुनेबद्दल तासभर बोलायच्या. महिन्याभराने मामाने भीत भीत विचारलं, “मग फ्लॅट कधी बघायला येऊ?” बाई म्हणाल्या, “कुठला फ्लॅट? आम्ही भाड्याने राहतो. तुम्ही मन मोकळं करा लिहिलंय म्हणून फोन करते.”

आणि खरा विकणारा सापडला, तर आणखीच पंचाईत. सीवूड्सला बँकेतलं एक जोडपं होतं. हॉलच्या छताला दोन वर्षं गळती, वरच्या मजल्याशी बोलणं बंद, सोसायटीच्या ग्रुपवर रोज शिव्यांच्या मर्यादेपर्यंत जाणारी भाषा. नवरा तोट्यात विकायला तयार होता. मामाने कार्यशाळेत शिकवल्याप्रमाणे विचारलं, का विकताय? शिकवल्याप्रमाणे गप्पही बसला. दोन तासांनी त्याने चपला घातल्या आणि वरच्या मजल्यावर जाऊन प्यायला पाणी मागितलं. पाणी पिता पिता त्याच्या लक्षात आलं की वरच्यांचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे, पाणी पाइपांच्या डक्टमधून येतंय. गवंडी मामाने आणला, वरच्यांना आणि खालच्यांना एका सोफ्यावर मामाने बसवलं, आणि छताला नवा रंग लागला त्या दिवशी दोन्ही घरांनी त्याला जेवायला बोलावलं. वहीत नोंद आहे, ‘कारण, गळती. कारण मिटले. माल परत.’

जासईला तर त्याहून कमाल. दोन भावांचं दुमजली घर. धाकट्याला आपला हिस्सा कसंही करून विकायचा होता, कारण थोरल्याच्या कंटेनर ट्रेलरचं तोंड रोज धाकट्याच्या दारात उभं असायचं. धूळ, धूर, पहाटे हॉर्न. वर्षभर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मामा व्यवहाराचं बोलायला गेला, पण आयुष्यभर ट्रक लावून घेतलेल्या माणसाला चुकीचा उभा ट्रेलर बघवला नाही. तो पावलांनी अंगण मोजायला लागला. “मागे घ्या. अजून. आता डावीकडे कापा. येऊ द्या, येऊ द्या, बस!” अर्ध्या तासात ट्रेलर मागच्या चिंचेखाली बसला आणि दार मोकळं झालं. धाकटा म्हणाला, “मना इकायचा कवा व्हता? त्याचा त्वांड माज्या दारातशी हलवायचा व्हता, बस. पन आमाला कोनी सांगलाच नाय.” थोरल्याने ताजं जिताडं बांधून दिलं. ते ओट्यावर ठेवताना मामा इतका खूश होता, की जणू सातबाराच घेऊन आलाय. मामी माशाकडे बघून म्हणाली, “घर आणायला गेलात, मासा आणलात. बरंय, आता याच्यात राहू.”

अशा वेळी एके दिवशी मामा धापा टाकत आमच्याकडे आला. “एका बिल्डिंगीत सात!” म्हणाला. “सात मोटिव्हेटेड सेलर! कार्यशाळेतसुद्धा असं उदाहरण नव्हतं.”

नेरूळच्या जुन्या सेक्टरातली तळ अधिक तीन मजल्यांची इमारत. मामा सातही घरांत बसून आला होता. सगळ्यांना घाई होती, आणि सगळ्यांकडे आधीच एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. फाइल घेऊन फिरणारा एक साहेब. तो बाजारभावाच्या निम्म्याने घ्यायला तयार होता आणि येत्या रविवारी करारावर सह्या घेणार होता. तळमजल्यावरच्या प्रमिलाताईंबद्दल मामा बराच वेळ बोलत राहिला. परभणीहून आलेली बाई, नवरा वारलेला, खिडकीशी शिलाई मशीन. आख्ख्या सेक्टरचे ब्लाउज त्या खिडकीतून आत जातात आणि शिवून बाहेर येतात. घर गेलं की पनवेलच्याही पुढे कुठेतरी खोली, आणि तिथे त्यांची खिडकी कोणाला माहीत? घराबरोबर पोटही जाणार होतं.

“आणि तू त्यांना निम्म्याहून थोडे जास्त देणार,” मी म्हटलं. “म्हणजे तू चांगला.”

मामाने वही मिटून काखेत धरली. मला वाटलं, वर्मी लागलं. त्याच दुपारी मी पत्रक लिहून काढलं. ‘रहिवाशांनो, सावधान! तुमच्या अडचणीची गोड बोलून चौकशी करणाऱ्याला दारात उभं करू नका. “का विकताय?” असं जो विचारतो, तो तुमचं घर गिळायला आलेला आहे. हातात वही असेल तर खात्रीच समजा.’ नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. गुरुवारी मी ते त्या इमारतीत वाटलं, आम्ही नेहमी वाटतो तसं. दाराखालून सरकवायचं आणि पुढे जायचं. आख्खी इमारत दहा मिनिटांत उरकते. एकही बेल मी वाजवली नाही. वाजवली असती, तर फाइलवाल्या साहेबाबद्दल मला काहीतरी कळलं असतं आणि पत्रक वेगळं झालं असतं. ही चूक माझी आहे, तिला मी दुसरं नाव देणार नाही.

शुक्रवारी मामाने मला वही दाखवली. ‘कारण’ या रकान्यात सात ओळी होत्या. सातही सारख्याच. ‘पिलर खाली बसलाय, दोन पावसाळे निघणार नाहीत.’

“बघ नीट,” मामा म्हणाला. “सात ड्रायव्हर उशिरा आले, तर सात कारणं सांगतात. एकाचा टायर, एकाचा पोलीस, एकाची सासू. सातही जण ‘खोपोलीजवळ रस्ता बंद होता’ असं एकाच तालात बोलले, की समजायचं, टपरीवर बसून ठरवून आलेत. घर सोडायचं माणसाचं कारण त्याचं स्वतःचं असतं गं. हे कारण यांचं नाही. कोणीतरी यांच्या तोंडात घातलंय. त्या फाइलवाल्याने इंजिनियरचा कसला रिपोर्ट दाखवलाय म्हणे, तो उद्या जाऊन बघतो.”

शनिवारी तो गेला. आणि तासाभरात परत आला. एकाही घराने दार उघडलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी साखळी लावून, फटीतून त्याला माझं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आणि ‘वही’ या शब्दाशी थांबून त्याच्या हाताकडे बघितलं होतं. प्रमिलाताई खिडकीच्या जाळीतून एवढंच म्हणाल्या होत्या, “काका, तुमी चांगले वाटला होता.”

मामा मला रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “झकास लिहिलंयस. प्रत्येकाने वाचलंय. पण आता माझं ऐकायला दार कोण उघडणार?”

मी चपला घातल्या. बाकी करण्यासारखं काही नव्हतं. प्रमिलाताईंच्या जाळीसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. ‘ही माझी भाची, पत्रकं हीच लिहिते,’ मामाने सांगितलं. वही त्याने पाठीमागे लपवली होती. बाईंनी पत्रक वर धरलं. “हे तुमचंच ना?”

“माझंच.”

“आन् ह्ये मामा तुमचेच?”

“माझेच.”

“मग ह्यांना दारात उभं करायचं का नाय, ते एकदाच काय ते सांगा. मला पिको करायचाय.”

मी म्हटलं, “चुकलं माझं. यांना आत घ्या.”

“पुढच्या बारीला बेल वाजवून देत जा,” दार उघडता उघडता त्या म्हणाल्या. “माणसाला दोन शब्द इचारता तरी येतील.” इतकी वर्षं चळवळीत काढली, पण इतकं नेमकं कोणी मला सुनावलं नव्हतं.

फाइलवाल्याने त्यांना रिपोर्ट दाखवला तेव्हा त्यांच्या मुलीने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. मामाने तो मोठा केला आणि सगळ्यात शेवटच्या ओळीपासून वाचायला लागला. “मालाचं चलान खालून वाचायचं असतं,” त्याने आम्हाला समजावलं. “वरच्या बाजूला सगळे नीट लिहितात. खाली आले की कंटाळतात.” खाली, शिक्क्याच्या बाजूला, बारीक अक्षरात इमारतीचा पत्ता होता. कळंबोलीचा. इमारत तळ अधिक पाच मजल्यांची, खाली पार्किंग. मामाने मोबाइल बाईंच्या हातात दिला. बाई वाचून उठल्या, मशीन बंद केली, आणि आम्हाला घेऊन जिना चढायला लागल्या. त्या संध्याकाळी प्रत्येक दाराची बेल वाजली. बेल मी वाजवत होते, बोलत त्या होत्या, आणि मामा प्रत्येक घरात चहा पीत होता.

रविवारी सकाळी अकरा वाजता इमारतीच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. फाइलवाला साहेब आला. पांढरे बूट, कागदांचा गठ्ठा, चेहऱ्यावर काळजी. तुमच्यासाठीच करतोय, बिल्डिंगचा भरवसा नाही, असं त्याने सुरू केलं. मामा मागच्या रांगेतून उठला.

“साहेब, एक विचारू? का घेताय?”

“काय?”

“बिल्डिंग पडणार आहे. मग तुम्ही का घेताय? मनमोकळेपणाने सांगा. आम्ही बसलोय.”

आणि मामा गप्प बसला. मी आयुष्यभर घोषणा दिल्या, पण एखाद्याने गप्प बसून इतका आवाज केलेला कधी ऐकला नव्हता. साहेब म्हणाला, समाजसेवा. कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब म्हणाला, रिस्क घेतोय मी. मामा गप्पच. मग साहेबाने रिपोर्ट काढला आणि फडफडवला, आणि मामा म्हणाला, “हां, तोच. त्यात मजले किती लिहिलेत तेवढं वाचा.”

साहेबाने वाचलं नाही. ते काम प्रमिलाताईंनी केलं, मोबाइल डोळ्यांशी धरून, खड्या आवाजात. “तळ अधिक पाच!” तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खुर्चीतून उठले, मान वर केली, आणि काठीने मोजायला लागले. “तळमजला. एक. दोन. तीन.” काठी आकाशात अडली. “चौथा आणि पाचवा कुठे आहेत हो? का ते आधीच पडले?” मग जो हशा उसळला तो शेजारच्या दोन सोसायट्यांच्या खिडक्या उघडून थांबला. साहेब कागद गोळा करत होता, बायका त्याला “अहो, पार्किंग दाखवून जा, आमाला पण बघायचंय” म्हणत होत्या, आणि तो गेटाबाहेर पडेपर्यंत आजोबा काठी वर धरून पाचवा मजला शोधत होते. एकही सही झाली नाही. सात घरांपैकी एकही घर गेलं नाही. मामा टाळ्यांच्या मध्ये टोपी काढून उभा होता, पहिला नंबर आलेल्या मुलासारखा.

तिथल्या तिथे ठराव झाला. सोसायटी स्वतःचा इंजिनियर आणेल, तोपर्यंत कोणी विकणार नाही, आणि पुढे कधी पुनर्विकास झालाच तर सगळे मिळून बोलतील. नंतर इंजिनियर येऊन गेला. जिन्याखालच्या एका पिलरला डागडुजी हवी होती, ती झाली. प्रमिलाताईंच्या खिडकीतून ब्लाउज आत-बाहेर चालूच आहेत. आमची पत्रकं आता मी हातात देते, आणि पाणी मागून बसते. दिवसाला पाच घरं होतात. पण होतात.

ठराव झाल्यावर सेक्रेटरींनी हजेरीचं रजिस्टर फिरवलं होतं. नाव, सही, फ्लॅट नंबर. सगळ्यांनी गर्दी करून सह्या केल्या, आणि नंबर लिहिताना त्या दिवशी प्रत्येकाचं अक्षर जरा मोठंच आलं. रजिस्टर मामाकडे आलं. त्याने नाव लिहिलं, सही केली आणि पेन तिसऱ्या रकान्यावर थांबलं.

“काका, फ्लॅट नंबर?” सेक्रेटरी म्हणाले.

“माझा नाही,” मामा म्हणाला. “मी असाच.”

डिस्पॅचच्या माणसाला रिकामा रकाना सोडायची सवय नसते. नंतर कोणी काही घुसडू नये म्हणून तिथे आडवी रेघ ओढायची, हे त्याच्या हाताला इतकं बसलेलं आहे की मामीच्या किराणाच्या यादीतही तो रेघा ओढतो. मी शेजारी उभी राहून बघत होते. पेन कागदाला टेकलं, थोडा वेळ तिथेच राहिलं. मग मामाने टोपण लावलं आणि रजिस्टर पुढे दिलं. रेघ न ओढता.